लघवीच्या घाईवरील गोळ्या आणि वृद्ध रुग्ण

महोदय,

अनावर व वारंवार लघवीच्या त्रासावर दिल्या जाणाऱ्या गोळ्यांबाबत, औषधविक्रेता म्हणून नेहमी दिसणारी एक बाब आपल्या वृत्तपत्रातून मांडू इच्छितो.

सोलिफेनासिन, टोल्टेरोडिन, ऑक्सिब्युटिनिन ही या विकारावरची नेहमीची औषधे. मूत्राशयाच्या स्नायूला आकुंचन पावायला लावणाऱ्या ॲसिटिलकोलीन या रसायनाला ती अटकाव करतात. परंतु हेच रसायन लाळग्रंथी, आतडी आणि मेंदू यांनाही लागत असल्याने तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठता होते आणि वयस्कर माणसांत विसराळूपणा व गोंधळ वाढू शकतो. कोरड लगेच जाणवते. गोंधळ मात्र 'वय झाले' या सबबीखाली खपून जातो.

पंचाहत्तरीच्या एखाद्या आजोबांसाठी मुलगा औषधे घ्यायला येतो, तेव्हा एका चिठ्ठीवर सोलिफेनासिन आणि दुसऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर झोपेसाठी ॲमिट्रिप्टिलिन असते. वर तो सर्दीची क्लोरफेनिरामिनयुक्त गोळीही मागतो. तिन्ही औषधे ॲसिटिलकोलीनलाच रोखतात. पुढे विसरणे वाढले की डोनेपेझिल सुरू होते, जे नेमके ॲसिटिलकोलीन वाढवते. म्हणजे एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे. शिवाय डोनेपेझिलमुळेच कधी लघवीची घाई वाढते, हे घरच्यांना कोण सांगणार?

मिराबेग्रॉन हे औषध वेगळ्या मार्गाने मूत्राशय सैल करते आणि त्यात ॲसिटिलकोलीन रोखण्याचा दोष जवळपास नाही. तेही सरसकट चालणारे नव्हे. रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून अधिक राहत असेल तर ते देऊ नये. त्याचा पूर्ण गुण यायला आठ आठवडेही लागू शकतात, पण बरेच जण पंधरवड्यातच 'फरक नाही' म्हणून सोडतात.

गोळी आपल्या मनाने बंद करा, असे मला मुळीच म्हणायचे नाही. घाईघाईने शौचालय गाठताना रात्री पडून खुबा मोडणे हा धोकाही खराच आहे. मात्र मूत्ररोगतज्ज्ञांनी ही औषधे लिहिताना रुग्णाच्या इतर सर्व गोळ्यांची पाकिटे मागवून पाहावीत, काचबिंदू व लघवी तुंबण्याचा त्रास यांची विचारणा करावी आणि फेरतपासणीची तारीख चिठ्ठीवर ठळक लिहावी. तशी तारीख असेल, तर ती उलटून गेल्यावर जुन्याच चिठ्ठीवर औषध मागणाऱ्याला परत डॉक्टरांकडे पाठवणे आम्हा दुकानदारांनाही सोपे जाईल.

आपला विश्वासू,
एक औषधविक्रेता, सांगली