मेजर, रेंजवरच्या त्या शिस्तीबद्दल

आदरणीय मेजर,

सा. न. वि. वि.

तुमच्या घरी येऊन आभार मानायचे म्हटलं तर तुम्ही काकूंना चहा टाकायला सांगता आणि बोलणं हरभऱ्यावर नेता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. आपल्या भागात बंदूक म्हटलं की लोकांना कमरेला पिस्तूल लावून काढलेले व्हिडिओ नाहीतर वरातीत हवेत उडवलेला बार आठवतो. तेच हत्यार सोळा-सतरा वर्षांच्या मुलींच्या हाती देऊन त्यांना जबाबदारीनं धरायला शिकवणारा माणूस आपल्यातच आहे, हे चार लोकांना कळायला हवं.

मी ग्वाल्हेरच्या अकादमीतून एनसीसी अधिकाऱ्याचं प्रशिक्षण घेऊन आले, तेव्हा रायफल मला माहीत होती. मुलींना ती कशी शिकवायची, ते तुमच्याकडे बघून कळलं. मराठा लाइट इन्फन्ट्रीतली नोकरी संपत आलेली, शेवटचं पोस्टिंग घराजवळ मिळालेलं आणि तुम्ही आमच्या एनसीसी बटालियनला पीआय स्टाफ, म्हणजे सैन्याकडून आलेले प्रशिक्षक, म्हणून आलात. अशा वेळी दिवस ढकलता आले असते. तुम्ही मात्र पहिल्याच परेडला पॉइंट टू टूची (.22) रायफल हातात घेतली, बोल्ट म्हणजे मागची सरकती कडी उघडली, गोळी बसते त्या चेंबरमध्ये डोळ्यानं पाहिलं, करंगळी घालून चाचपलं आणि ती शेजारच्या मुलीला दिली. ती घेऊन नुसती उभी राहिली. तुम्ही विचारलंत, "तू काऊन नाही पाहिलं?" ती म्हणाली, "सर, तुम्ही आत्ताच पाहिलं ना." तुम्ही म्हणालात, "मी पाहिलं ते माझं. तुझ्या हातात आली की तू पाहायचं." मग ती रायफल रांगेतल्या प्रत्येकीच्या हातातून गेली आणि प्रत्येकीनं पाहिलं. तो पूर्ण तास त्यातच गेला. माझ्या मते शिबिरातला सगळ्यात कामाचा तास तोच होता.

नळीचं तोंड कायम टारगेटच्या दिशेला, नेम धरून हुकूम मिळेपर्यंत बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, पलीकडे काय आहे ते दिसल्याशिवाय फायर नाही. हे नियम सगळीकडे सांगितले जातात. तुम्ही ते मुलींच्या अंगात मुरवलेत. पंचवीस मीटरची रेंज म्हटल्यावर मुलींना वाटतं, गोळी पंचवीस मीटरच जाते. पॉइंट टू टूची ती इवलीशी गोळी मोकळ्या रानात दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, हे तुम्ही आकडा फेकून सांगितलं नाहीत. टेकडावर उभं करून लांबची वस्ती दाखवलीत आणि म्हणालात, "तिथं चुलीपुढं बसलेल्या बाईपर्यंत जाईल." त्यानंतर टारगेटमागचा बट, म्हणजे गोळ्या अडवणारा मातीचा बांध, किती उंच आहे, त्याची माती पावसानं किती ढासळली आहे, हे मुली आपण होऊन बघायला लागल्या.

बालाघाटच्या पायथ्याच्या त्या रेंजवरचा शेळ्यांचा दिवस मला लिहायचाच आहे. लाल झेंडे लागलेले होते, सेंट्री म्हणजे पहारेकरी आपापल्या जागी होते, पहिल्या डिटेलच्या, म्हणजे एका वेळी फायर करणाऱ्या गटाच्या, मुली सतरंजीवर पालथ्या पडून फायर करत होत्या. तुम्ही फायरिंग पॉइंटच्या मागे उभे होता. अचानक तुमचा आवाज आला, "रोक!" मी दचकून बघितलं तर बटच्या डाव्या अंगाला, नाल्याच्या तोंडातून दोन शेळ्या वर आल्या होत्या. माणूस कुठे दिसत नव्हता. पण शेळ्या आल्या म्हणजे मागे राखणारा असणारच, हे तुम्हाला कळलं. पाचही मुलींनी बोट बाहेर काढलं, बोल्ट मागे घेतला, रायफली खाली ठेवल्या, हात मागे घेतले. कुणी मान वळवून बघितलं नाही, कुणी रायफल घेऊन उठलं नाही. मग नाल्यातून एक पोरगा वर आला. असेल दहा-अकरा वर्षांचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

त्या पोरावर कुणी ओरडलं नाही. तुम्ही त्याला बाटलीतलं पाणी दिलं, झेंडा दाखवला आणि हा फडकत असला की इकडे यायचं नाही, एवढंच सांगितलं. त्या दिवशीचं उरलेलं फायरिंग तुम्ही रद्द करायला लावलंत. वरून विचारणा झाली, दारूगोळा परत नेण्याची कागदपत्रं वाढली, मुली हिरमुसल्या. तुम्ही एकच म्हणालात, "मॅडम, नाला मी नकाशावर पाहिला होता, चालून पाहिला नव्हता. चालून पाहिल्याशिवाय आता गोळी नाही." दुसऱ्या दिवशी उजाडताच तुम्ही नाला पायी तुडवलात, त्याच्या तोंडाशी जादा सेंट्री उभा केलात आणि सरपंचांना सांगून गावात दवंडी दिलीत. तेव्हापासून रेंजच्या चहूबाजूंनी स्वतः चालल्याशिवाय मी झेंडा लावू देत नाही.

आता त्या मुलीबद्दल. तिचं नाव लिहीत नाही, तुम्हाला कळेलच. तिच्या गोळ्या टारगेटभर विखुरलेल्या असायच्या आणि सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की हिला जमणार नाही. श्वास रोखायची नीट, ट्रिगरही छान दाबायची. तुम्ही तिला दोन्ही हात लांब करून पंजांच्या मधल्या फटीतून दूरची पाण्याची टाकी बघायला लावलीत आणि एकेक डोळा मिटायला सांगितलात. डावा मिटला की टाकी गायब. उजव्या हाताची मुलगी, पण नेम धरणारा डोळा डावा. तुम्ही रायफल तिच्या डाव्या खांद्याला लावून दिलीत. बोल्ट उजव्या बाजूला, त्यामुळे दर गोळीनंतर तिला हात वरून पलीकडे न्यावा लागे. अवघड होतं ते. रोज संध्याकाळी तुम्ही तिच्याकडून रिकाम्या रायफलीचा सराव करून घेतलात, नळीवर रुपयाचं नाणं ठेवून. ट्रिगर दाबताना नाणं पडता कामा नये. तिच्या घरी म्हशी आहेत हे तुम्हाला माहीत होतं. "धार काढताना मूठ कशी हळूहळू आवळतेस? हिसका दिला तर म्हैस लाथ घालते. ट्रिगरचं तसंच," असं म्हणालात आणि तिला ते तिथंच उमगलं. शिबिराच्या शेवटी तिचं ग्रुपिंग, म्हणजे टारगेटवरच्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, काडेपेटीखाली झाकलं जात होतं. तुम्ही तो कागद टारगेटवरून काढून तिच्या हातात दिलात. तो आजही तिच्या घरी भिंतीवर आहे. महिलांना मिलिटरी पोलीस कोअरमध्ये जवान म्हणून 2019 पासून घेऊ लागले, तिथं ती आज आहे.

छोट्या गोष्टी कितीतरी आहेत. कानात कापसाचे बोळे चालणार नाहीत म्हणून तुम्ही पदरमोड करून इअरप्लग आणलेत. फायरिंग संपल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय कुणालाही डबा उघडू दिला नाहीत, कारण गोळीतलं शिसं बोटांना लागतं आणि भाकरीबरोबर पोटात जातं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गोळी उडाली नाही तर हात वर करायचा, नळी समोरच ठेवायची, लगेच बोल्ट उघडायचा नाही, कारण कधी कधी बार उशिरा पेटतो. त्या वेळी तुम्ही स्वतः मुलीशेजारी गुडघे टेकून बसायचात आणि तिच्याशी हळू आवाजात बोलत राहायचात. एकदा एक खोका, म्हणजे उडालेल्या गोळीचं रिकामं टरफल, मोजणीत कमी पडला, तेव्हा अंधार पडेपर्यंत आपण सगळे कुसळांत हात घालून शोधत होतो. अंगावरच्या डांगऱ्या कुसळांनी भरून गेल्या. खोका सापडला, यादीवर सही झाली, तेव्हाच गाडी हलली.

हवेत बार काढणाऱ्यांबद्दल तुम्ही मुलींना जे सांगितलंत त्याबद्दलही मनापासून आभार. वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि कुठे येईल हे उडवणाऱ्याला ठाऊक नसतं. शस्त्र कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनंतर लग्नात-मिरवणुकीत असा गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमच्या एका कॅडेटनं हे आपल्या मामाच्या लग्नात भर मांडवात सांगितलं आणि बार निघाला नाही. तिनं मला सांगितलं तेव्हा आधी तुम्हाला फोन लावावासा वाटला.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये जागतिक विजेत्या झाल्या, स्वप्नील कुसाळेंनी 2024 मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं. आमच्या मुली ही नावं घेतात तेव्हा मला आनंद होतो. मराठवाड्यातूनही तसं कुणी जाईल. त्यासाठी चांगल्या रेंज लागतील, पैसा लागेल. तुमच्यासारखा पाया घालणारा माणूसही लागेल, आणि तो आम्हाला मिळाला होता.

यंदाच्या तुकडीत बहुतेक मुली पहिल्यांदाच रायफल हातात धरणार आहेत. पहिल्या फायरिंगच्या दिवशी तुम्ही रेंजवर यावं, अशी त्यांची आणि माझी विनंती आहे. कमांडिंग ऑफिसर साहेबांची परवानगी घेतली आहे. गुडघ्याचा त्रास आहे हे माहीत आहे, म्हणून गाडी घरी पाठवते आणि फायरिंग पॉइंटच्या मागे सावलीत खुर्ची ठेवते. नाला मी आदल्या दिवशी चालून येईन, तुम्ही चालायचं नाही. तारीख बटालियनकडून आली की कळवते.

काकूंना नमस्कार.

आपली,
एक एनसीसी अधिकारी