साथीदाराचा उल्लेख

महोदय,

जॅझ गायिका एला फिट्झगेराल्ड यांच्यावरील आपल्या रविवार पुरवणीतील लेख आवडला. मात्र वर्षानुवर्षे त्यांच्या साथीला पियानोवर बसलेले टॉमी फ्लॅनगन ‘वादकवृंद’ या एका शब्दात उरकले गेले, हे खटकले. मी स्वतः तीस वर्षे पेटीची साथ करीत आलो असल्याने ते मला अंमळ अधिकच खटकले असेल, हेही मान्य करतो.

फ्लॅनगन यांचा जन्म 1930 साली डेट्रॉइटमध्ये एका पोस्टमनच्या घरी झाला. 1956 मध्ये ते न्यूयॉर्कला आले आणि त्याच वर्षी सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स यांच्या ‘सॅक्सोफोन कोलोसस’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी पियानो वाजवला. 1959 च्या ‘जायंट स्टेप्स’ या रचनेच्या ध्वनिमुद्रणाची हकिकत जॅझच्या वर्तुळात आजही सांगितली जाते. तिचे रचनाकार, सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी तिच्यातील कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) आधी दाखवल्या होत्या, पण रचना संथ असेल अशी फ्लॅनगन यांची समजूत झाली; ध्वनिमुद्रणाच्या वेळी ती इतक्या द्रुत लयीत सुरू झाली की, बहुतेक ठिकाणी दर दोन मात्रांना कॉर्ड बदलत असताना त्यांचे एकल वादन अडखळले आणि तसेच ध्वनिमुद्रिकेवर राहिले. 1982 मध्ये, कोल्ट्रेन यांच्या पश्चात, फ्लॅनगन यांनी तीच रचना त्यांच्या स्मरणार्थ आपल्या त्रिकुटासह वाजवली. त्यात ती अडखळ कुठेही सापडत नाही.

एला यांच्याबरोबर ते 1963 ते 1965 आणि पुन्हा 1968 ते 1978 असे राहिले. आमची पेटी गायकाच्या मागून जाते, त्यामुळे चुकले तरी सावरायला क्षणभर मिळतो. पियानोवादकाला मात्र गायिकेचा स्वर लागताना त्याखालची कॉर्ड तयार ठेवावी लागते, आणि एला तर शब्द सोडून नुसत्या अक्षरांवर कुठल्या कुठे जात. 1977 च्या स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथील मैफलीच्या ध्वनिमुद्रणात फ्लॅनगन जागा कशा मोकळ्या सोडतात, हे मुद्दाम ऐकण्यासारखे आहे.

1978 मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी ही साथ थांबवली. तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. पुढे 2001 मध्ये निधन होईपर्यंत ते मुख्यतः स्वतःच्या त्रिकुटाचे प्रमुख म्हणून वाजवत राहिले, म्हणजे समीक्षकांनी त्यांना ठळक अक्षरांत छापायला सुरुवात केली ती बव्हंशी यानंतर.

आपल्या पुरवणीत मैफलींचे वृत्तांतही येतात. त्यांत तबला आणि पेटी कोणाची होती, एवढी एक ओळ तरी छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे