कोळशातला उजेड

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. ‘कोळशात बघायचं काय, सगळा काळाच तर!’ हा तुझा टोमणा फोनवर निस्तरण्यासारखा नव्हता, म्हणून हे पत्र.

कोळशाचा चुरा रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात) बसवून आरशासारखा घासला की सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले घटक वेगळे दिसतात. त्यांना मॅसरल म्हणतात. हे नाव १९३५ साली मेरी स्टोप्सबाईंनी दिलं. (हो, संततिनियमनवाल्या त्याच! मूळच्या त्या वनस्पती-जीवाश्मांच्या अभ्यासक.) लाकूडसालीचं होतं व्हिट्रिनाइट, होरपळलेल्या-कुजलेल्या भागांचं इनर्टिनाइट आणि बीजाणू, राळ, पानांवरचा मेणचट थर यांचं लिप्टिनाइट.

साध्या उजेडात लिप्टिनाइट सगळ्यांत काळपट. त्याच जागी निळा प्रकाश सोड, की दबून चपटे झालेले बीजाणू पिवळेधमक उजळतात, पानाच्या त्वचेची दातेरी कडसुद्धा दिसते. कोळसा जमिनीखालच्या उष्णतेनं पक्व होत जातो तसा हा रंग नारिंगी, मग लालसर होतो आणि व्हिट्रिनाइटचं परावर्तन (पडलेल्या प्रकाशातला किती टक्के परत फिरतो ते; पक्वतेबरोबर ते वाढतं) १.३ टक्क्यांच्या आसपास पोचेतो विझतो.

पण माझा जीव अडकलाय व्हिट्रिनाइटमध्ये. ते इतकं मंद चमकतं की डोळ्यांना काही कळत नाही. लेसर आणि संवेदनशील डिटेक्टर लागतो. हायड्रोजन जास्त असलेलं व्हिट्रिनाइट परावर्तन कमी दाखवतं. नुसत्या परावर्तनावर विसंबलं तर कोळसा आहे त्याहून कोवळा वाटतो. प्रतिदीप्ती, म्हणजे प्रकाश पडल्यावर उमटणारी ही चमक, मोजली की ही लबाडी उघडी पडते.

मोजताना डोकेदुखी दोन. एक, रेझिन स्वतःच चमकतं, त्यामुळे कणाच्या काठाजवळ मोजायचं नाही. दुसरी जास्त खट्याळ: लेसर पडत राहिला की तो ठिपकाच बदलतो, कुठे चमक वाढते, कुठे उतरते. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या संशोधकांनी हा बदलच मोजायला घेतला. सुरुवातीची चमक आणि काही मिनिटांनंतरची चमक यांच्या गुणोत्तरावरून पक्वता काढायची! मला ही युक्ती फार आवडते.

रेणूंची नावं मात्र यातून मिळत नाहीत. असंख्य अॅरोमॅटिक (कार्बनची कडी असलेल्या) रेणूंचा प्रकाश एकमेकांत मिसळून वर्णपटात एकच रुंद उंचवटा येतो.

तू ढेकूळ पाठवणार म्हणालास ना? ताजं फोडलेलं पाठव, हवाबंद पिशवीत. उघड्यावर ऑक्सिडेशन झालं की चमक मंदावते आणि मग मी मोजणार काय?

तुझा,
कोळसेवाला मित्र