मिनार्स्कीचं विमान

हॅमिल्टन, कॅनडा

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आम्ही सगळे मजेत. आईला सांगा, मेतकूट पोचलं आणि निम्मं संपलंसुद्धा.

फोनवर तुम्ही विचारलंत, विमानांच्या म्युझियममध्ये एवढा वेळ काय बघत होतीस? तेव्हा धड सांगता आलं नाही. इथल्या विमानतळाला लागून ते म्युझियम आहे. तिथलं लँकेस्टर बॉम्बर दुसऱ्या महायुद्धातलं, पण अजून उडतं. अशी उडणारी जगात दोनच उरलीत, दुसरं इंग्लंडात. इथलं अँड्र्यू मिनार्स्कीच्या स्मरणार्थ आहे. त्याचं ते हे नव्हे, पण अंगावर त्याच्या विमानाची अक्षरं रंगवलीत.

मिनार्स्की विनिपेगचा, आईबाप पोलंडहून आलेले. कॅनडाच्या हवाई दलात, विमानाच्या पाठीवरच्या टरेटमधला (म्हणजे बंदुका बसवलेल्या फिरत्या कोठडीतला) गनर. १२ जून १९४४ च्या रात्री सात जण फ्रान्समधल्या कांब्रेच्या रेल्वे यार्डावर बॉम्ब टाकायला निघाले. नॉर्मंडीत फौजा उतरून आठवडाही झाला नव्हता, जर्मनांची रसद तोडायची होती. (अशा हल्ल्यांत आसपासच्या वस्तीतली फ्रेंच माणसंही मरायची, तेही डोक्यातून जात नाही.) जर्मन विमानानं गाठलं, डावीकडची दोन्ही इंजिनं गेली, आग लागली. वैमानिकानं उड्या टाकायला सांगितलं.

शेपटातला टरेट मी अगदी जवळून पाहिला. चार मशिनगन आणि त्यांच्यामागे एक माणूस, गुडघे हलवायलाही जागा नाही. त्या रात्री तशाच टरेटमध्ये शेपटातला गनर पॅट ब्रॉफी अडकला. टरेट फिरेना, हातानं फिरवायचा दांडा तुटून हातात आला. मिनार्स्की दारापाशी पोचला होता, उडी तेवढी टाकायची. ब्रॉफी दिसला तसा तो आगीतून रांगत मागे गेला. आधी कुऱ्हाडीनं, मग नुसत्या हातांनी टरेट उचकटत राहिला. कपडे पेटले. शेवटी ब्रॉफीनंच ‘जा’ म्हणून खुणावलं. तो ब्रॉफीकडे तोंड ठेवून तसाच मागे सरकत दारापर्यंत गेला, सॅल्यूट केला आणि उडी घेतली. भाजल्यामुळे गेला. वय २७.

आणि ब्रॉफी वाचला! विमान आदळलं तेव्हा बाहेर फेकला गेला. बाकीचे पाचही वाचले.

आत काय घडलं ते पाहणारा ब्रॉफी एकटाच. त्यानं सांगितलं म्हणून १९४६ मध्ये मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला. ब्रिटिश बॉम्बर कमांडची ५५,५७३ माणसं त्या युद्धात मेली. कितीतरी विमानं सगळ्यांना घेऊन गेली. त्यांतही कुणी कुणासाठी मागे वळलं असेलच की, पण सांगणार कोण? मला तर मिनार्स्कीपेक्षा त्यांचाच विचार जास्त येतो.

उन्हाळ्यात याल तेव्हा दाखवीन. पैसे भरून त्यात बसून चक्करही मारता येते, पण आकडा ऐकलात तर तुम्ही खालूनच बघाल. व्हिसाच्या कागदांवर आईची सही राहिलीय, तेवढी करून पाठवा.

तुमची,
मनू