साहेब, चौदा दिवसांचं पातळ पुन्हा पिऊ का?

मा. आरोग्यमंत्री, गोवा सरकार, यांस,
सप्रेम नमस्कार.

थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं. जमेल असं वाटत नाही.

मी पेडणे तालुक्यात राहते, घरी ब्लाऊज शिवते. वय ४३, उंची पाच फूट एक इंच, वजन ११८ किलो, उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय ४९. माझी साठ इंची टेप माझ्याच अंगाला पुरत नाही. मधुमेह आहे, गुडघे गेलेत. डॉक्टरांनी पोट लहान करायचं ऑपरेशन सुचवलं. इस्पितळाचं नाव लिहीत नाही, अजून तिथेच जायचंय मला.

तपासण्यांबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते. दुर्बिणीची नळी गिळली. एक रात्र अंगाला वायरी चिकटवून झोपले. झोपेत श्वास अडकत असेल तर भुलीचा धोका वाढतो, हे भुलीच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. थायरॉइड, बी-१२, हृदयाचा इको, पित्ताशयाची सोनोग्राफी, सगळं केलं. मानसोपचारवाल्यांनी विचारलं, जन्मभर पथ्य आणि गोळ्या सांभाळाल ना? सांभाळीन म्हटलं. पण प्रत्येक तपासणीचा दिवस वेगळा, खिडकी वेगळी. पहाटेची बस धरून उपाशीपोटी जायचं आणि दुपारी कळायचं, मशीन बंद आहे. अकरा फेऱ्या झाल्या, की बारा. सरकारच्या दीनदयाळ आरोग्य विम्याचं कार्ड आहे हो पर्समध्ये, चौघांच्या घराला वर्षाला ४ लाख. बुडालेली शिलाई त्यात बसत नाही.

शेवटी तारीख मिळाली. त्याआधी १४ दिवस फक्त पातळ घ्यायचं, म्हणजे यकृतावरची चरबी उतरते, ते आक्रसतं आणि सर्जनला पोटापर्यंत वाट मिळते. नेमकी चवथ आली. घरात गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधली, मी शंभरेक नेवऱ्या तळल्या आणि स्वतः ताक आणि डाळीचं पाणी पीत बसले. सासूबाई म्हणाल्या, "प्रसाद तरी घे गो." नाही घेतला. दोनदा साखर उतरून शिलाई मशीनवरच डोकं टेकलं. तेराव्या दिवशी फोन आला, तारीख पुढे गेली. का? "वरून आलंय." वरून म्हणजे कुठून, साहेब? आमच्या वरून तर मोपा विमानतळाची विमानं जातात.

गेल्या सोमवारी खिडकीवर सांगितलं, रिपोर्ट जुने झाले, परत करा. एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचीच साखर सांगते, ते मलाही कळतं. पण जुने केले कुणी? मी?

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या तीन बायकांत एक तरी वजनदार निघाली. माझ्या हिशेबाने लाखाच्या वर असू आम्ही. निवडणुकीला दारात गाडी येते, तेव्हा आमचं वजन कुणाला जड होत नाही. विमानतळ होतो, पूल होतात, फिती कापायला सगळे वेळेवर हजर. तपासणीच्या मशीनला फीत लावली तर ते चालू राहील का, असंही मनात येतं.

मागणं दोनच. तपासण्या लागोपाठ दोन दिवसांत, एका जागी करा. आणि ऑपरेशनचा दिवस पक्का झाल्याशिवाय कुणाला पातळावर ठेवू नका.

काल नवी चिठ्ठी हातात पडली, "पातळ आहार सुरू करावा." तारखेची जागा कोरी आहे. ती भरून येईपर्यंत मी हुमण-भात जेवणार आहे.

आपली,
पेडण्याची एक शिवणकाम करणारी बाई