मॅडम, बीटी शंटमधल्या त्या 'टी'साठी थँक यू

नमस्कार मॅडम,

नागपूरला धंतोलीतल्या तुमच्या ओपीडीत एवढी गर्दी असते, आम्ही तुमच्या लक्षात असू की नाही माहीत नाही, पण मला सगळं आठवतं. पोरगी दीड वर्षाची, चार पावलं टाकली की उकिडवी बसायची, रडली की ओठ जांभळे, आणि घरचे म्हणायचे थंडी वाजते तिला. तुमच्यासमोर तसं झालं तेव्हा तुम्ही आधी तिचे गुडघे छातीशी दाबून कसे धरायचे ते मला शिकवलं, फाईल नंतर उघडली.

फाईलवर लिहिलं, बीटी शंट, म्हणजे पोरीच्या हृदयाचं ऑपरेशन. माझं माहेर यवतमाळकडचं, आमच्याकडे बीटी म्हणजे कापसाचं बियाणं, म्हणून विचारलं, आणि तुम्ही चक्क सांगत बसलात. बी म्हणजे सर्जन ब्लॅलॉक, टी म्हणजे हेलन टॉसिग, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या मुलांच्या डॉक्टर. लहानपणी वाचायला जड जायचं, हार्वर्ड तेव्हा बायकांना डॉक्टरची डिग्री देत नव्हतं, पुढे तर कानांनी ऐकूच येईना, तर ही बाई पोरांच्या छातीवर बोटं ठेवून हृदय तपासायची! त्यांच्या लक्षात आलं की फुफ्फुसाकडे रक्त नेणारी, जन्मानंतर मिटणारी एक नळी असते, ती उघडी आहे तोवर हृदयाच्या दोषामुळे निळी पडणारी बाळं बरी असतात, मिटली की आणखी निळी पडतात. मग तशी वाट आपणच करून दिली तर? बोस्टनच्या सर्जननी नाही म्हटलं. ब्लॅलॉकनी ऐकलं, त्यांचे लॅबमधले सहायक व्हिव्हियन थॉमस यांनी कुत्र्यांवर ते तंत्र बसवलं, आणि २९ नोव्हेंबर १९४४ ला पहिलं ऑपरेशन झालं, थॉमस मागे स्टुलावर उभं राहून ब्लॅलॉकना सांगत होते. शंटच्या नावात थॉमसना खूप उशिरा जागा मिळाली, हे मला अजून खटकतं.

ती पहिली मुलगी १५ महिन्यांची होती. माझ्या पोरीपेक्षा लहान. ऑपरेशनच्या संमतीची आठवडाभर अडलेली सही मी तिथेच केली.

सही झाल्यावर तुम्ही माझा हात धरून पोरीच्या छातीवर ठेवला. मांजर घुरघुरतं तसं बोटांना लागलं, ते मी जन्मभर विसरणार नाही.

आता मोठं ऑपरेशनही झालंय, ती पहिलीत जाते. परवा फुटाळा तलावावर पळता पळता मधेच खाली बसली, माझ्या पोटात गोळाच आला, धावत गेले तर सँडलचा पट्टा लावत होती. तरी मी आधी ओठ बघितले मॅडम. गुलाबी होते.

तुमच्या पेशंटची आई