दादा, जिन्याचं बोलणं राहूनच गेलं

प्रिय दादा,

फोनवर बोललो असतो, पण फोनवर तू "हो पप्पा, हो पप्पा" करतोस आणि मला कळतं की तिकडे लॅपटॉप चालू आहे. म्हणून टाईप करतोय, दोन दिवस झाले, थोडं थोडं. हा कीबोर्ड मधेच स्वतःच्या मनाने शब्द घुसवतो, तेवढं सांभाळून वाच.

रविवारी तू स्वारगेटला सोडायला आलास, बॅगा वर चढवून दिल्यास, आणि मी खिडकीतून साधा हातसुद्धा केला नाही. खंबाटकी चढेपर्यंत तुझी आई माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, पोराच्या घरी जाऊन भांडून आलात, बरं वाटलं का आता? नाही वाटलं.

शुगरचं या पत्रात काढणार नाही असं तिला कबूल केलंय. तुझा तो शुगरचा रिपोर्ट मी मुद्दाम शोधला नव्हता रे, नेलकटर शोधत होतो. तेवढंच सांगायचं होतं.

भांडण खरं तर दुधावरून झालं. दूध संपलं म्हणून मी पिशवी घेऊन निघालो तर तू म्हणालास थांबा, मोबाईलवरून दहा मिनिटात येतं. अरे दुकान गेटसमोर आहे! तुझे चार मजले उतरायचे आणि चढायचे, एवढंच. आणि मग मी जे बोललो ते बोलायला नको होतं, आप्पांच्या शुगरने गेलेल्या पायाचा विषय काढायला नको होता, तेही प्राजूसमोर. चुकलं माझं. तिलाही सांग.

पण तू जे बोललास ते माझ्या डोक्यातून जात नाही. "तुमचं सगळं आयुष्य त्रासात गेलं म्हणून आम्हीपण त्रासच काढायचा का?" त्यावर मी गप्प बसलो. राग आला म्हणून नाही, उत्तर सुचलं नाही म्हणून.

मी विचार केला. 1984 ला लागलो तेव्हापासून साताऱ्यातला समर्थ मंदिर ते बोगदा तो चढ मी टपालाची पिशवी लावून सायकलवर किती वेळा काढला असेल, हिशोब नाही. लोक म्हणायचे पोस्टमन काय काटक आहे. मलाही वाटायचं की आपण कष्टाळू. आता खरं सांगतो, ती नोकरी होती. साहेबाने स्कूटर दिली असती तर मी एक दिवस सायकलला हात लावला नसता. 2019 ला रिटायर झालो आणि पहिलं काय केलं? अ‍ॅक्टिव्हा घेतली. राजवाड्यावर भाजी आणायला अ‍ॅक्टिव्हा, कोपऱ्यावर पेपर आणायला अ‍ॅक्टिव्हा. दीड वर्षात 11 किलो वाढलो आणि 2021 ला माझी शुगर निघाली. म्हणजे स्वतःहून अवघड निवडायची पाळी आयुष्यात पहिल्यांदा आली तेव्हा मी सोपंच निवडलं, आणि तुला मात्र जिना चढ म्हणून ऐकवतोय. हे मला रविवारीच तुला सांगता आलं असतं. बापाला असं बोलणं जड जातं.

आता रोज सकाळी अजिंक्यताऱ्याच्या वाटेवरच्या चार भिंतीपर्यंत चढून येतो. मनाने नाही हं. गाडीची चावी तुझ्या आईकडे असते आणि ती साडेसातच्या आधी देत नाही, आणि बूट मी रात्रीच दारात काढून ठेवतो, कारण सकाळी सहाला बूट शोधायला लागले तर माझं मन लगेच म्हणतं, आज राहू दे. मन लय हुशार असतं. ताईने काहीतरी पाठवलं होतं, की सवय 21 दिवसात लागते हे काही खरं नाही, लंडनला लोकांवर अभ्यास केला तर सरासरी 66 दिवस निघाले, कुणाला 18 तर कुणाला 254. मी त्यातला 254 वालाच. अजूनही पाऊस आला की मला आनंद होतो, आज सुट्टी म्हणून.

तुझा HbA1c, म्हणजे शुगरचा तो रिपोर्ट, 6.2 आहे. बघ, आलंच शेवटी. तू म्हणालास बॉर्डरलाईन आहे, ऑफिसात निम्म्या पोरांचं असंच आहे. आपल्या डॉक्टरांना मी विचारलं, तुझं नाव न सांगता (पण त्यांना कळलं असणार). 5.7 ते 6.4 ही मधली जागा, 6.5 ला शुगर म्हणायची. ही टेस्ट म्हणजे साधारण तीन महिन्यांचा हिशोब असतो, रक्तातल्या लाल पेशी तेवढंच जगतात म्हणून, त्यामुळे टेस्टच्या आधी चार दिवस भात सोडून ती फसत नाही. अमेरिकेत तुझ्यासारख्याच मधल्या जागेतल्या लोकांवर मोठा अभ्यास झालाय म्हणे, 2002 ला छापून आला. आठवड्याला 150 मिनिटं चालणं आणि सात टक्के वजन कमी करणं एवढंच त्यांचं ध्येय ठेवलं होतं, त्याने शुगर होण्याचं प्रमाण निम्म्याहून जास्त खाली आलं. तू 84 आहेस ना? म्हणजे सहा किलो. जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं चाललं तरी पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणजे तू जेवून सोफ्यावर आडवा पडतोस त्या वेळेलाच… जाऊ दे. लेक्चर झालं. माफ कर.

तुला आठवतं का, तू तिसरीत होतास, आपण मंगळाईला चाललो होतो, अजिंक्यताऱ्याच्या निम्म्या वाटेत बापूकाका स्कूटरवरून आले. म्हणाले बस मागे. तुझा घसा कोरडा पडलेला, चप्पलचा अंगठा तुटलेला, मी मनात म्हणत होतो बस बाबा, म्हणजे मलाही बसता येईल. आणि तू म्हणालास, "मी चालत आलोय, चालतच जाणार." बापूकाका अजून ती गोष्ट सांगतात, मी पुन्हा पुन्हा ऐकतो. त्या दिवशी मी चाललो ते तुझ्या लाजेने.

आप्पांच्या कोल्हापुरी चपला आईने अजून माळ्यावर ठेवल्यात. एक झिजलेली आणि एक जवळजवळ नवी. तू तेव्हा लहान होतास, तुला तो पाय नीट आठवत नसेल. मला रोज आठवतो, अंगठ्याला साधं लागलं होतं आणि त्यांना कळलंच नाही. सकाळी बूट घालताना मी आधी स्वतःची बोटं बघतो, आणि सध्या बघताना तुझीच आठवतात.

त्रास काढ असं नाही म्हणत मी. लिफ्ट वापर, सामान असेल तर वापरच. मागवून खा कधीतरी, प्राजूपण दमते. रात्री दोनपर्यंत जागतोस ते मात्र… नाही, नाही लिहीत.

आईने नाचणीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि जवस दिलंय. कंदी पेढे मी काढून ठेवले, तिने रागाने पाव किलो परत घातले, त्याबद्दल माझी काही जबाबदारी नाही. शनिवारी सकाळच्या गाडीने शेजारचे येतायत, ते तुमच्या वॉचमनकडे ठेवतील. साडेपाच किलो भरलंय. वर नेऊन डबे उघडलेस की फोन कर, व्हिडिओ कॉल नको, त्यात माझं निम्मं डोकंच दिसतं.

पप्पा